कल्याणचा कीबोर्ड

सृष्टे, आधी नुसतं ऐक, मधी बोलू नको.

क्लर्कची जागा एक. आन् जामखेडच्या आमच्या टायपिंग क्लासातून टेस्टला दोघं, मी आन् कल्याण. पत्रात लिहिलं हुतं, स्वतःचा कीबोर्ड आणला तरी चालंल. तर पंधरा दिवसांमागं ह्या बाबानं आपला नवाकोरा मेकॅनिकल कीबोर्ड, तो टकटक वाजनारा, माझ्यापुढं ठेवला.

"दिपाली, तू वापर. मला जुनाच बरा."

मला तवाच शंका आली. त्याच जागेवर डोळा असलेल्याला असं कोन देतं गं?

बसले. तर मधीच भलती अक्षरं! कुठं दोन-दोन, कुठं न मारलेलीच. गेले तशी क्लासच्या भागवत सरांकडं.

"सर, ह्यानं बिघडलेला दिलाय मला."

"बिघडलाय तुझा हात," सर म्हनले. "जुन्या टाइपरायटरवर शिकलीस, म्हनून आपटतीस. आन् थांबलीस की बोटं बटनांवर टेकवतीस. ह्याला तळापर्यंत दाबायचं न्हाई, अर्ध्यातच अक्षर उमटतं."

मागून कल्याण, "मिरच्या कांडतीस व्हय गं?" सगळा क्लास हसला.

मग काय, मनगट उचलून, कोंबडीच्या पिलाला हात लावावा तसं दाबत बसले. दहा दिवसांत तिसावरून अडतीस! मिनिटाला, शब्द! तरी मन खातच हुतं. म्हनून क्लासातल्या जुन्या कीबोर्डावर मारून बघितलं. आगं, हात इतका हलका झालेला, की अर्धी अक्षरं उमटंचनात.

काल नगरला टेस्ट. हॉलच्या दारात कल्याण आला, घामाघूम.

"दिपाली, माझ्या जुन्याचं एक बटन अडकतंय गं. माझा नवा दे ना परत."

आता सांग! आधी माझा हात बदलायचा, आन् ऐन दारात कीबोर्ड मागायचा? हे ठरवूनच केलं आसंल का? तोंड तर त्याचं खरंच उतरलं हुतं. पण मी म्हनले, "आरं, मी तर घरीच इसरले."

पिशवीत हुता, सृष्टे.

आत जाऊन काढला, सुरू केलं. आन् त्याचा तो आवाज! टकटक, टकटक, सगळ्या हॉलात आमचा एकच तसला. पुढच्या रांगेतून कल्याणनं एकदा मागं वळून बघितलं. मग तिथल्याच कीबोर्डावर मारत राहिला.

माझे अडतीस आले. त्याचे किती, म्हाईत न्हाई. आज तो क्लासला आला न्हाई, फोन उचलत न्हाई.

खरं सांग, माझ्या जागी तू काय केलं असतंस?