तारांचा आवाज

माझ्या नवऱ्याचे डोळे गेले काचबिंदूनं, आणि काचबिंदू कळायला उशीर झाला त्याच्या हट्टानं. जन्मभर टेंपो चालवला, डॉक्टरच्या दारात मात्र कधी उभा केला नाही. जाऊ दे, आता बोलून काय उपयोग.

त्यानंतर घरात नुसता बसून होता. शेवटी धाकट्या दिरानं विषय काढला. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणाला, "दादा, वाकडं चाक सरळ करायला शीक. एक जमवून दाखव, कोपऱ्यातलं स्टूल तुझं. नाहीतर मला माणूस ठेवावा लागेल."

शिकवायला त्याला सवड नाही. म्हणून मी मोबाइलवर एका मास्तरचे व्हिडिओ शोधले. मास्तर भला, पण तोंडात मिठाची गुळणी. बोललाच तर, "हे असं धरा, मग असं फिरवा." असं म्हणजे कसं? मी बघून सांगायचे आणि हटकून चुकायचे.

"गप बस जरा," नवरा म्हणाला. "मला ऐकू दे."

आणि त्याला खरंच ऐकू यायला लागलं. वाकडा भाग आला की रिम घासायची, खस्स. सैल तारेला टिचकी मारली की बद्द, आवळलेली टणकन. तार आवळायची चावी किती फिरली तेही कळायचं. दिराकडचं जुनं चाक मांडीवर घेऊन तो मास्तरबरोबर वाजवत बसायचा. माझं डोकं उठायचं, पण जिवाला बरं वाटायचं. किती दिवसांनी त्याला जेवायला हाक मारावी लागत होती.

एकच धडा अडला, फिरताना वरखाली उड्या मारणारं चाक. "त्याला लिही," नवरा म्हणाला, "जरा बोलत जा म्हणावं." मी लिहिलं, नवऱ्याला दिसत नाही तेही कळवलं. मास्तरनं हात जोडले. "ताई, माझे डोळे उघडलेत. दिव्यांग बांधवांसाठी सगळे व्हिडिओ नव्यानं करतो."

आणि केले की. अक्षरं ही मोठाली, पिवळीधमक. मागे बासरी. दुकानातला खडखडाट अगदी साफ काढून टाकलेला. ना रिम, ना तार, ना चावी.

"काय लिहिलंय?" नवऱ्यानं विचारलं.

"आता असं करा, असं लिहिलंय."

तो हसला. मला रडू आलं.

जुने परत टाका म्हणून विनवलं. उत्तर आलं, "ताई, ते पुसले. त्यांचा आवाज फार खराब होता."

शेवटी दुकानात त्यानं अंदाजानं चाक केलं. घासणं गेलं, उड्या राहिल्या. दिरानं चाक फिरवून पाहिलं आणि भिंतीला टेकवलं. "दादा, तू येऊन बसत जा इथं. गप्पा मारायला. सोमवारपासून माणूस येतोय कामाला."

घरी आल्यावर मी मोबाइल घेतला.

"काय लिहितेस?"

"मास्तरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय."

"पुसून टाक. आभार मान. एवढं तरी कोण करतं आपल्यासाठी?"

मानले. मास्तरनं ते आता प्रत्येक व्हिडिओखाली लावलेत, एका अंध बांधवाच्या पत्नीचा अभिप्राय म्हणून.

चाक पलंगाखाली आहे. केर काढताना झाडू तारांना लागतो. सैल कुठली, ते नवरा बसल्या जागी सांगतो.