खो-खोला बॉल नसतो, काकू

सलग तिसऱ्या दिवशी माझ्या पोटरीत गोळा आला, तेव्हा मी खो-खोच्या खांबाला मिठी मारून उभी होते आणि पुष्कर सर माझ्याकडे बघून मान हलवत होते.

"स्वराली, केळी खातेस ना?"

"दोन खाल्ली, सर."

"मग स्टॅमिनाच कमी पडतोय. रविवारपर्यंत हे थांबलं नाही, तर तू राखीव. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटून घेऊ नकोस! मी दहावीतली. क्लबच्या संघात बाकी सगळ्या कॉलेजच्या ताया. कर्वेनगरच्या एका कॉलेजच्या मैदानावर त्यांच्याबरोबर खेळायला मिळावं म्हणून मी क्लासच्या वेळेवरून आईशी महिनाभर भांडले होते. रविवारी लोणी काळभोरच्या मुलींशी माझी पहिलीवहिली मॅच होती. आणि मी राखीव?

अलिझाताई आमची कॅप्टन, एस.वाय.ला आहे. ती खाली बसून माझी पोटरी दाबायला लागली. मग तिने माझी पाण्याची बाटली उचलून हलवली. काठोकाठ भरलेली, त्यामुळे आवाजच झाला नाही.

"सकाळपासून अशीच? का गं?"

काय सांगणार? शाळेतल्या बाथरूमला कडी नाही. शाळा सुटली की क्लास, क्लास सुटला की मैदान, आणि मैदानावरच्या लेडीज टॉयलेटला कायम कुलूप, कारण आत क्रिकेटवाल्यांची मॅटिंग ठेवलेली असते. म्हणून मी पाणीच पीत नव्हते. विषय संपला! मुलांचं काय, ते भिंतीमागे जाऊन येतात शीळ घालत.

हे सगळं मी कुजबुजून सांगितलं. वाटलं, आता ही ओरडणार. तर तिने स्वतःची बाटली माझ्या हातात दिली. तीही तशीच भरलेली!

"मला कोंढव्याला जायला दोन बस लागतात," ती म्हणाली. "घरी पोचेपर्यंत पाणी बंद. एफ.वाय.पासून."

बाकीच्याही जमल्या. अवनीताई म्हणाली, "माझा सकाळचा एक चहा, की डायरेक्ट घरी." एकीला उन्हाळ्यात जळजळ होते, एकीचं डोकं ठणकतं. आम्ही खूप हसलो, आणि मग एकदम कुणीच हसेना. प्रोटीन किती, बदाम भिजवायचे की कोरडे, यावर आमची रोज परिषद भरायची. पाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"सरांना सांगू या?"

"तू सांग."

"मी नाही हं, तू सांग."

"त्यापेक्षा कुणाच्या तरी घरी विचारू ना," मी म्हणाले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात 'हजर' म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही, आणि आता मीच लंगडत निघाले. मागोमाग अलिझाताई.

मैदानासमोरच्या सोसायटीत तळमजल्यावर हेमाकाकू राहतात, रिटायर्ड शिक्षिका. त्यांच्या कुंड्यांत बॉल पडला, तर क्रिकेटवाले तो मागायला जात नाहीत, सरळ नवीन आणतात. मी बेल वाजवली.

"बॉल आलेला नाही," आतूनच आवाज.

"खो-खोला बॉल नसतो, काकू."

दार उघडलं. "मग काय हवंय?"

"आम्हाला..." मी श्वास घेतला. "आम्हाला तुमचं बाथरूम वापरायचंय. रोज संध्याकाळी. बाराजणी आहोत. मैदानावरचं बंद असतं."

सोफ्यावर बसलेले माधवकाका पेपर उचलून गुपचूप गॅलरीत गेले.

"रोज," काकू म्हणाल्या. "म्हणजे तिकीट नाही, पासच हवाय."

"हो."

"आणि इतके दिवस काय करत होतात?"

"पाणीच पीत नव्हतो."

काकूंनी दार पूर्ण उघडलं.

"मीही तीस वर्षं शाळेत हेच केलं," त्या म्हणाल्या. "दोनदा मुतखडा झाला. त्यापेक्षा बाळंतपण परवडलं. चपला बाहेर, पाय धुऊन आत, फ्लश नीट. आरशासमोर फोटो काढायचे नाहीत, हे घर आहे, स्टुडिओ नव्हे. आधी तू जा. चेहऱ्यावरून घाईत दिसतेस."

मी खरंच घाईत होते.

त्या संध्याकाळपासून आम्ही पाणी प्यायला लागलो, मनसोक्त! शनिवारपर्यंत पोटरी एकदाही कुरकुरली नाही.

"बघ, केळ्यांनी काम केलं," सर खूश.

"केळी नाही, सर," अलिझाताई म्हणाली आणि तिने सरळ सगळं सांगून टाकलं. सर स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. "मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही केळ्यांच्या पुढे विचारलंच नाहीत."

सर तडक कॉलेजच्या ऑफिसात गेले. मॅटिंग अजून हललेली नाही, पण रविवारी मी मैदानात होते!

मध्यंतराला आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. लोणीची कल्याणी, त्यांच्यातली सगळ्यात चपळ, कडेला बसून पोटरी चोळत होती. मला बघताक्षणी कळलं. जवळ गेले, तर तिने हळूच विचारलं, "इथं लेडीज कुठं हाय?" त्या सगळ्या पहाटे निघालेल्या, घोटभर पाणीही न पिता.

खरं सांगते, क्षणभर वाटलं, राहू दे. ही लंगडली तर मॅच आमची. माझी पहिली मॅच! पण मग मला खांबाला मिठी मारून उभी असलेली मी आठवले. "चल," मी म्हणाले.

ती आणि आणखी तिघी माझ्या मागोमाग आल्या. वेगळ्या रंगाच्या जर्सी बघून काकूंनी विचारलं, "या कोण?"

"समोरचा संघ."

"यांनाच हरवायचंय ना तुम्हाला?"

"हो, काकू."

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग आत वळून ओरडल्या, "अहो, गॅलरीत लपू नका! माठातलं पाणी काढा, साखर-मीठ घाला आणि बाकीच्या मुलींना मैदानात नेऊन द्या."

शेवटच्या पाळीत पाठलाग लोणीचा होता. गुण बरोबरीत आले, वेळ संपत आलेली, आणि मैदानात मी! वळले, खांबाला वळसा घातला, पुन्हा वळले. पाय असे पळत होते की ते माझेच आहेत ना, अशी शंका यावी. आणि तेवढ्यात कल्याणीने सूर मारला. बोटं माझ्या टाचेला लागली. बाद. आम्ही एका गुणाने हरलो.

"पाणी मॅचनंतर दिलं असतंस तर?" अवनीताई पुटपुटली. अलिझाताईने तिला कोपरखळी मारली आणि मला घट्ट जवळ घेतलं. सर म्हणाले, "पुढच्या मॅचला तू बचावाच्या पहिल्या तुकडीत." बस्स, एवढंच. मी तिथेच उडी मारली.

कल्याणी केसांतली माती झटकत आली. "पुढच्या महिन्यात तुम्ही आमच्याकडं. मैदानाशेजारी मावशीचं घर हाय, मी सांगून ठेवते."

"बाराजणी आहोत हं."

"असू द्या की. पानी पिऊनच निघा."

हरलेल्या मुलीने इतकं खूश असू नये, पण मी होते. तिला, काकूंना, काकांना, अलिझाताईला, सगळ्यांना मी ओरडून थँक्यू म्हणाले. काकू दारातूनच म्हणाल्या, "कळलं, कळलं. ओरडू नकोस, घसा कोरडा पडेल."