डावीकडं सरकणारं विमान

"पप्पा, तुम्ही दुरुस्त केलेल्या विमानात मला बसवाल?"

हिंमत असेल तर विचार, अशी पैज शाळेत माझ्या वर्गातल्या वैदेहीनं लावली होती. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून माझ्या हिंमतीला काही कमी नाही. दिवाळीच्या सुट्टीत पप्पांना डबा द्यायला गेले आणि विमानं ठेवतात त्या हँगरच्या दारातच विचारून टाकलं. वाटलं, पप्पा हसतील.

"आज न्हाय," एवढंच म्हणून ते परत पंखाखाली वाकले.

पप्पा बारामतीच्या धावपट्टीवर छोट्या खासगी विमानांचे इंजिनिअर आहेत. त्यांची सही असल्याशिवाय ही विमानं उडत नाहीत. हे विमान बावड्याच्या विजयसिंहकाकांचं. त्यात ऑटोपायलट आहे. दिशा नेमून दिली की विमान आपलं आपण सरळ जातं. जायला पाहिजे. पण दसऱ्यापासून त्याला इंदापूरची दिशा दिली की ते हळूच डावीकडं, उजनीच्या पाण्याकडं सरकायचं. पप्पांनी मोटर तपासली, तारा ताणून बघितल्या, ऑटोपायलटचा अख्खा डबा बदलला. सगळं ठीक, आणि विमान डावीकडंच.

पाडव्याला काका त्यांच्या आईला, कुशाबाईंना, वरून त्यांचा ऊस दाखवणार होते. आणि पाडवा दोन दिवसांवर आलेला. फोन वाजलाच.

"जोतीरामराव, हातानं उडवतो की मी! ते बंद ठिवू. करा सही."

"धुकं आलं की तुमचा हात त्याच बटनावर जाणार, विजयसिंहराव. मला ठावं हाय."

फोन ठेवून ते पंखाच्या टोकाकडं बघत राहिले. तिथं आत होकायंत्रासारखं दिशा ओळखणारं यंत्र असतं. ऑटोपायलट त्याचंच ऐकतो.

"सरू, तुझं भूगोलाच्या प्रकल्पाचं होकायंत्र कुठाय गं?"

ते आणायला घरी सायकल अशी हाणली की बास. हँगरचं लोखंड आड नको म्हणून आम्ही दोघांनी विमान ढकलत बाहेर उन्हात आणलं. मी होकायंत्र धरून पंखाच्या कडेकडेनं चालले. सुई गप्प. टोकाशी आले आणि सुई गर्रकन फिरली.

"पप्पा! नाचतीय ही! नाचतीय!"

पप्पांनी तिथल्या झाकणाचा एक स्क्रू काढून तळहातावर घेतला. "हितं पितळी लागतो. ह्यो लोखंडी हाय."

"कुठल्या येड्यानं बसवला?" मी जोरात विचारलं.

"मीच."

खंडेनवमीला पूजेआधी त्यांनी झाकण काढून पंख पुसला होता. एक स्क्रू झेंडूच्या ढिगात गेला. कुशाबाई ताट घेऊन उभ्या, आरती खोळंबलेली. स्क्रूच्या डब्यातला हाताला लागला तो त्यांनी पिळला.

आता त्यांनी पितळी बसवला. सुई शहाण्यासारखी उत्तरेकडं.

"झालं की! कुणाला कळतंय?" मी म्हटलं.

पप्पांनी लगेच फोन लावला. "विजयसिंहराव, दोष सापडला. चूक माझी हाय. दसऱ्यापासून तुमी माझ्या चुकीवर उडत व्हता."

पलीकडून काका म्हणाले, "आईला न्हाय बसवत आता." आणि फोन बंद.

रात्री जेवताना पप्पांनी भाकरीला हात लावला नाही. आई इंदापूरच्या दवाखान्यात नर्स आहे, माणूस आतून खचलेला तिला बघितल्या बघितल्या कळतो. तिनं नुसती आमटी पुढं सरकवली.

"उद्या चाचणीला मी विजयसिंहरावांच्या शेजारी बसतो," पप्पा म्हणाले. "पण सही दुसऱ्या कुणाची तरी घेऊ दे त्यांना. माझा हात आता उठायचा न्हाय."

आईनं माझ्याकडं बघितलं. गप्प बस, असं. मी उठून उभी राहिले, व्यासपीठावर राहते तशी.

"आई, पप्पा, ऐका. उद्या चाचणी नीट झाली की त्या विमानात पहिली मी बसणार. आणि सही पप्पांची असेल, तरच बसणार."