केशरी पट्ट्याचा दगड

मित्रांनो, माझ्या अंगावरचा केशरी पट्टा पाहून हात जोडू नका. मी देव नाही. गव्हाणकडच्या टेकडीतला मी एक जुना काळा दगड आहे, आणि हा रंग डब्यातला आहे.

टेकडीवर होतो तेव्हा शेळ्या माझ्या डोक्यावर बसत. मग सुरुंग लागले आणि आमचं घर फुटलं. खाणीत मनस्वी आली. पनवेलच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकणारी, उन्हाने लालबुंद झालेली पोर. टेकडीतला दगड कुठे किती जातो, हे तिला शोधायचं होतं. सगळे दगड कोण मोजणार? म्हणून तिने थोड्यांनाच रंग लावला. रस्त्यात, भरावात रंगवलेले किती सापडतात, त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा. माझी निवड झाली तेव्हा, खरं सांगतो, मी फुशारलो होतो.

डंपरने मला करंजाड्याच्या नव्या रस्त्याच्या भरावात ओतलं. तिथे भीमाबाईने मला पाहिलं. तिचं गाव उठलं, तेव्हा वेशीवरची गावदेवी, शेंदूर लावलेला एक दगड, मागेच राहिली. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने घेतली असेल. मग गाव सपाट झालं आणि तिथले दगडधोंडेही कुठल्याशा भरावात गेले. तेव्हापासून म्हातारी दिसेल तो भराव धुंडाळत होती. तिने मला पदराने पुसलं, अबोलीचा गजरा वाहिला. "आली गो माझी आय," म्हणाली आणि रडली. इतक्या मायेने मला कधी कुणी हात लावला नव्हता.

काही दिवसांनी मनस्वी आपले दगड शोधत आली. गजरा पाहून थबकली. गप्प बसता आलं असतं, पण ती भीमाबाईशेजारी मातीत बसली.

"आजी, हा रंग मी लावलाय. ही तुमची देवी नाही."

भीमाबाईने माझ्यावरचा पट्टा नखाने खरवडून पाहिला. "तू दगडच शोधतेस ना, बाय? मंग आमची आय कुठं हाय, तेवढं सांग."

मनस्वीचा चेहरा उतरला. "किती दगड कुठे गेले, ते सांगता येतं आजी. एकच दगड कुठे गेला, ते नाही सांगता येत."

भीमाबाईने गजरा उचलला. तो कुठे वाहावा, ते तिला सुचेना. तसाच मुठीत धरून ती घरी गेली.

मित्रांनो, कधी गाव सोडायची वेळ आलीच, तर कपाट आणि पंखे मागाहून न्या. टेम्पोत आधी गावदेवीला बसवा. एकदा आमच्यात मिसळली की ती आम्हा दगडांनाही ओळखू येत नाही.