चार दिव्यांची फियाट

भीमसेनराव आपली जुनी फियाट नटवायला लागले, तेव्हा अख्ख्या मेलवीधी आळीला गंमत वाटली. गाडी वीस वर्षांची, मालक पासष्टीचा. आधी पुढे दोन हॅलोजन बसले, मग बंपरवर आणखी दोन. मग आतला आरसा हातभर लांब झाला, आणि बंपरच्या दोन्ही टोकांना लाल गोळ्यांच्या काठ्या उभ्या राहिल्या.

"देश खुला झालाय, कनका. हवं ते मिळतं आता."

"लग्नात मलासुद्धा एवढं नटवलं नव्हतं," कनकलताबाई म्हणायच्या.

पण आतून त्या सुखावल्या होत्या. हल्ली हे गृहस्थ त्यांना घेतल्याशिवाय गाडीच काढत नसत. शेजारी बसून "सायकल आली, गाय आहे, हळू" असा त्यांचा जप चाले. जन्मभर त्यावर खेकसलेला माणूस आता मुकाट ऐकून घेई. म्हातारपणी नवरा सुधारला, असं त्यांनी तिरुवैयारुच्या बहिणीला सांगूनही टाकलं.

मग त्यांनी स्वतःसाठी एकच मागितलं: गाडीत टेप. मेकॅनिक वेंकटरमण लगेच बसवून देतो म्हणाला. भीमसेनरावांनी उलट जुना रेडिओच काढायला लावला.

"का हो?"

"गाणं लागलं की तुझं बोलणं ऐकू येत नाही."

वेंकटरमण तोंड फिरवून हसला. चारचौघांत टोमणा! बाईंनी त्या घटकेपासून अबोला धरला.

अबोल्यातच बहिणीकडे जायचा दिवस उजाडला. सुगी उरकत आली होती. रस्त्याच्या डाव्या बाजूला लांबवर भात वाळत घातलेलं.

"बोल ना गे," भीमसेनराव म्हणाले. बाईंनी ओठ आवळले.

"माझ्याशी नको. रस्त्याचं तरी बोल."

नरमतायत वाटतं, बाईंना वाटलं. नरमू देत अजून थोडे.

पुढे एक बाई पाठमोरी, पायानं दाणे हलवत होती. लाल लुगडं, दुरूनच दिसलं. समोरून बस आली तशी गाडी डावीकडे सरकली, दाण्यांवर चढली. बाईंची जीभ सवयीनं उचललीही. पण दिसतेय की त्यांना, एवढी लालभडक. हॉर्न वाजला नाही. वेग उतरला नाही.

"अहो!"

तोवर उशीर झाला होता.

डॉक्टर म्हणाले, जगेल, पाय काढावा लागेल. तिची म्हातारी आई दवाखान्याच्या व्हरांड्यात जमिनीवर बसली होती. रडत नव्हती. मुलीची चप्पल तेवढी मांडीवर धरून होती.

"काचबिंदू," भीमसेनराव बाकावरून हळूच म्हणाले. "समोरचं दिसतं. कडेचं गेलं."

"कुणी सांगितलं?"

"मदुराईच्या डॉक्टरनं."

"मदुराईला तर तुम्ही दिवे आणायला गेला होतात."

"ते नंतर घेतले."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर गाडी चालवू दिली असतीस?"

बाई मनात एकेक मोजत गेल्या. दिवे, आरसा, काठ्या, काढून टाकलेला रेडिओ. आणि त्या सगळ्याच्या आधी गाडीला बसवलेली ती आपण.

हवालदार आला. भीमसेनरावांचं वय, पांढरे केस पाहून त्यानं आवाज मऊ केला. "अम्मा, तुम्ही शेजारी होतात ना? ती अचानक आडवी आली असेल. भात वाळवणारे कुठंही धावतात."

हो म्हटलं की संपत होतं. भीमसेनराव मान फिरवून बाईंना शोधत होते. त्या त्यांच्या कडेलाच बसल्या होत्या.

बाईंनी त्यांचा हात धरला, म्हणजे कुठे आहोत ते त्यांना कळावं.

"ती जागची हलली नव्हती," त्या म्हणाल्या. "यांना दिसली नाही. यांना कडेचं दिसत नाही. मला दिसली होती, लांबून."

म्हातारीनं मान वर केली.

"मग ओरडला का नाहीत, अम्मा?" हवालदारानं विचारलं.

"रुसले होते," बाई म्हणाल्या.