डावीकडची सीट

"मास्तर, ही तुमच्या स्कूटरचीच करामत आहे," नंबरवाले म्हणाले. "दुसरं इथे गाडी लावतंच कोण?"

मास्तरांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकले. पिवळ्या गाडीच्या डाव्या दारावर, कडीच्या खाली, वीतभर लांबीचा ओरखडा होता. महिन्यापूर्वी मागच्या चाकावरच्या पत्र्यावर एक निघाला होता, त्याच्या आधी बंपरच्या टोकाला. चार महिन्यांतला हा तिसरा, आणि मास्तरांवर आळ येण्याचीही ही तिसरी वेळ.

"माझ्या हँडलची उंची बघा आणि या ओरखड्याची बघा," मास्तर म्हणाले. "तुमची गाडी मुळात माझ्या कमरेला येते. स्कूटर आडवी पाडून घासली तरच जमेल."

"मग तशी घासली असेल."

"एवढा उत्साह असता तर नोकरीत हेडमास्तर झालो असतो."

मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. त्यांनी बोटाला थुंकी लावून ओरखड्यावर घासलं आणि बोट उजेडात धरलं.

"हा हिरवा आहे," ते म्हणाले. "यात पिवळा जरा जास्त पडलाय. रंगवाल्यानं दोनदा मिसळला तरी मला हवा तसा लागला नाही, म्हणून लक्षात राहिला. आपल्या फाटकाचा रंग आहे हा. मीच निवडला होता."

दोघांनी फाटकाकडे पाहिलं. आत येताना डावीकडे लागणाऱ्या लोखंडी खांबावर पिवळ्या रेघा होत्या. तीन.

"वाऱ्यानं फाटक मिटत आलं असेल," नंबरवाले म्हणाले.

"असेल," मास्तर म्हणाले आणि कप उचलून आत गेले. जिंकलेला वाद त्यांनी असा सोडून दिला, हे नंबरवाल्यांना भांडणापेक्षा जास्त लागलं.

चष्म्याच्या एकाच दुकानात सव्वीस वर्षं लोकांचे डोळे तपासून नंबर काढल्यामुळे गल्लीत त्यांना नंबरवाले म्हणत. गाडी त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी घेतली, तीही कुणीतरी वापरून कंटाळलेली. लिंबाच्या रंगाची, कापडी छताची, दोनच माणसांची. जमिनीला इतकी लागून की आत बसणारा आधी दुमडायचा आणि मग खाली घसरायचा. पहिल्या दिवशी सगळी गल्ली बघायला जमली होती. "उद्या घर वाढलं तर काय कराल?" असं कुणीतरी विचारलं. लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि घर वाढणार नाही हे डॉक्टरांनी सांगून चार. नंबरवाल्यांची मान खाली गेली. बायको मात्र तिथल्या तिथे म्हणाली, "तिसरी खुर्ची असती तर आमच्या सासूबाई मागे बसून सूचना देत आल्या असत्या. दोनच बऱ्या." लोक हसले. तीही हसली आणि पहिल्यांदा त्या डाव्या सीटवर जाऊन बसली.

गाडीला ती 'सवत' म्हणायची. "सवतीला आंघोळ झाली असेल तर आम्हालाही कुणी पाणी तापवून द्या." रविवारी सकाळी नंबरवाल्यांचे तीन तास गाडीचे. ओल्या फडक्याचा हात वेगळा, कोरड्याचा वेगळा. बॉनेट उघडून ते इंजिनाशी कान लावत आणि आवाजात तसूभर फरक पडला तरी जेवताना त्यावर बोलत. आतली साफसफाई मात्र तिची. "माझ्या बाजूला हात लावायचा नाही," असा तिचा कायदाच होता. दुपारी दोघं निघत. छत मागे दुमडलेलं, तिच्या डोक्याला रुमाल. तळ्याच्या रस्त्याला ओळीनं सात वळणं होती. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये गाडी घातली की ती रुळावरून गेल्यासारखी वळायची. त्या सात वळणांसाठी नंबरवाले आठवड्याचे सहा दिवस काढत.

चार महिन्यांपूर्वी, तापाचं निमित्त होऊन, बायको आठ दिवसांत गेली. डावीकडचं दार त्यानंतर उघडलं गेलं नव्हतं. नंबरवाले मात्र रविवार चुकवत नव्हते. घरात ती कुठेच सापडत नसे. गाडीत बसलं की निदान डावीकडे बोलावंसं वाटे.

तिसरा ओरखडा दिसला त्या दिवशी ते नेहमीपेक्षा सावकाश गाडी चालवत दुकानात गेले. दुपारी, गिऱ्हाईक नाही असं बघून, आतल्या खोलीत शिरले आणि दार लोटून मशीनसमोर बसले.

हे मशीन म्हणजे आडवं धरलेलं मोठं पांढरं घमेलं. हनुवटी टेकायची, एक डोळा झाकायचा आणि मधल्या पिवळ्या ठिपक्यावर नजर ठेवायची. आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. समोरचं किती स्पष्ट दिसतं ते भिंतीवरचा तक्ता सांगतो. कडेचं किती दिसतं ते हे घमेलं. दिवा लागण्याआधी आतली मोटर जागा बदलते आणि टक् असा हलका आवाज होतो. लोक त्या आवाजावरच बटण दाबायला लागतात, म्हणून मधूनमधून ते नुसतंच टक् करतं आणि दिवा लावत नाही. "आवाजावर जाऊ नका, मशीन लबाड आहे," हे वाक्य नंबरवाल्यांनी हजारो माणसांना ऐकवलं होतं.

स्वतःची तपासणी ते दर वर्षी करत. कागदावर सगळं ठीक येई. दिवा नसताना बटण दाबल्याचा आकडा तेवढा वाढलेला असे. मशीन म्हातारं झालं, असं म्हणून ते कागद खणात टाकत.

डावा डोळा संपत आला तेव्हा दार उघडलं. दुकानात दोन वर्षांपूर्वी आलेली डोळ्यांची डॉक्टर जेवणाचा डबा हातात घेऊन उभी होती.

"काका, आज स्वतःलाच गिऱ्हाईक केलंत?"

"आमचा वार्षिक सोहळा आहे. कागद बघा, पहिला नंबर येणार."

तिनं कागद काढला. हसू ओठांवर होतं, ते तिथेच राहिलं.

"दिवा नसताना एकोणचाळीस टक्के वेळा दाबलंय."

"मशीन जुनं झालंय हो."

"सकाळी त्या शिंपीकाकांचं याच मशीनवर केलं. दोन टक्के आले." तिनं डबा ठेवला, खणातून कापूस काढला. "कानात घालते. पुन्हा एकदा करू."

"कापूस कशाला?"

तिनं कापसाचे दोन बोळे वळले. त्यांनी मान पुढे केली.

दोन्ही कानांत बोळे बसले आणि दुकानाचा आवाज बंद झाला. नंबरवाल्यांनी हनुवटी टेकली. पिवळ्या ठिपक्याजवळ एक दिवा लुकलुकला, त्यांनी बटण दाबलं. अजून एक, त्याच्याजवळच. दाबलं. मग काही नाही. त्यांनी वाट पाहिली. पांढरं घमेलं पांढरंच राहिलं. मनात वीस आकडे मोजून झाले. अंगठा बटणावर घामेजला.

"थांबलंय ते," ते जरा मोठ्यानं म्हणाले. "वायर सैल असते मागची. हलवा जरा."

डॉक्टरनं मागून एका कानातला बोळा हळूच काढला.

टक्. टक्. टक्.

"चालू आहे, काका."

त्यांनी डोळा ठिपक्यावरून हलवला नाही. तपासणी मध्येच सोडायची नाही, हाही त्यांचाच नियम होता. टक् होत राहिलं, पण अंगठा त्यांनी उचलून बाजूला घेतला होता.

दोन्ही डोळ्यांचं झालं आणि कागद आला. डाव्या डोळ्याच्या गोलात मधे बोटभर पांढरं आणि बाकी सगळं काळं. उजवा त्याहून बरा, पण कडेनं तोही काळा होत आलेला. असे कागद त्यांनी स्वतः लोकांच्या हातात दिले होते आणि वर पाण्याचा ग्लासही.

"काचबिंदू," ते म्हणाले.

"हो. ड्रॉप्स आजपासून सुरू करू. आहे ते टिकवता येईल, गेलेलं येणार नाही. तुम्हाला मी काय सांगणार?" ती समोर येऊन उभी राहिली. "गाडी बंद करायची, काका. आजपासून."

"घरी नेऊन लावतो आणि मग..."

"किल्ली इथे ठेवा."

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. तिच्या कड्यात गाडीच्याच छताच्या काळ्या कापडाचा एक तुकडा ओवलेला होता. बायकोनं शिवलेला.

"किती दिवसांचं असेल हे?"

"दिवसांचं?" तिनं कागद उजेडात धरला. "एवढं जायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. मला हेच कळत नाही, तुम्ही इतकी वर्षं गाडी चालवलीत कशी? शेजारी कुणी बसायचं का?"

"आता कुणी नाही," नंबरवाले म्हणाले.

डॉक्टर बाहेर गेली. ते त्याच स्टुलावर बसून राहिले.

गेल्या पाच-सहा वर्षांत बायको गाडीत फार बोलायला लागली होती. आधीची तेरा-चौदा वर्षं वाऱ्यावर रुमाल सांभाळत गप्प बसणारी बाई, एकाएकी वाटेतली प्रत्येक वस्तू मोजायला लागली. "हा खांब किती पुढे आलाय बाई." "सायकलवाला बघा, डावीकडे, कसा डुलत चाललाय." "त्या पोरीचा फ्रॉक छान आहे हं, ती बघा, कडेला उभी आहे ती." ते वैतागत. वय झालं की बायका भित्र्या होतात, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. एकदा सात वळणांच्या रस्त्यावर ते म्हणाले होते, "तोंडाला कुलूप लाव. मला इंजिन ऐकू दे. भीती वाटत असेल तर येऊ नकोस." ती गप्प झाली. दोन वळणं तशीच गेली. तिसऱ्याला तिनं फक्त एवढंच म्हटलं, "कुत्रं." त्यांनी ब्रेक मारला. डाव्या चाकापासून हातभर अंतरावर खरंच एक कुत्रं उभं होतं. "मला दिसलं होतं," ते म्हणाले होते. "हो, तुम्हाला दिसलंच असणार," ती म्हणाली होती आणि सुटलेला रुमाल पुन्हा बांधायला लागली होती.

संध्याकाळी पाच वाजता त्यांनी दुकानातून मास्तरांना फोन केला.

"मास्तर, तुम्हाला चारचाकी येते ना?"

"शाळेची व्हॅन चालवायचो, सहलीला. का?"

"आमची घरी न्यायची आहे."

"आलोच," मास्तर म्हणाले. "चप्पल घालतो."

मास्तर आले. डॉक्टरनं किल्ली त्यांच्या हातात दिली. काय झालं ते नंबरवाल्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. तिसरं वाक्य त्यांना जमेना. "ते स्कूटरचं..." म्हणून ते थांबले.

"हँडल तसंही वाकडंच होतं," मास्तर म्हणाले. "कुणीतरी नावं ठेवायलाच हवी होती. आत कसं बसायचं ते सांगा. हे दार आहे की खिडकी?"

"आधी पाय, मग कंबर, डोकं शेवटी."

मास्तर दुमडून आत घसरले. नंबरवाले वळसा घालून डावीकडे आले. दाराची कडी जड लागली. आतून गाडी अनोळखी वाटली, वेगाची-पेट्रोलची घड्याळं पलीकडे तोंड करून बसल्यासारखी. खालच्या कप्प्यात तिचा रुमाल होता, घडी घातलेला. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"क्लच सावकाश सोडा. ती तोंडाळ आहे, पण खोटं बोलत नाही. आवाज जड झाला की गिअर बदला."

गाडी निघाली. पहिल्या चौकात एक टेम्पो आडवा आला आणि नंबरवाल्यांचा उजवा पाय आपोआप पुढे दाबला गेला. ब्रेक नव्हता तिथे. पण पाय सपाट जागेवरही पडला नव्हता. बुटाखाली काहीतरी खोलगट, मऊ होतं.

ते खाली वाकले. समोरचं बघण्यापुरता डोळा त्यांना अजून होता. पायाखालची रबरी चटई एका जागी, उजव्या टाचेच्या पुढे, झिजून आरपार गेली होती. त्यावर काळ्या कापडाचं ठिगळ शिवलेलं होतं, जाड दोऱ्यानं, बारीक टाक्यांचं. छत बदललं तेव्हा उरलेलं कापड. ते कुठे गेलं म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. ते ठिगळही झिजलं होतं. त्याच्यावर दुसरं होतं. दुसरंही मधोमध विरून खालचं पहिलं दिसायला लागलं होतं.

"काही पडलं का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. रस्त्याकडे बघा."

गल्ली आली. मास्तरांनी वेग कमी केला, मान लांब करून अंदाज घेतला आणि गाडी फाटकात घातली. नंबरवाल्यांना डावीकडचा खांब दिसला नाही. तो तिथे आहे एवढंच त्यांना माहीत होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "डावीकडे खांब आहे हं. जरा पुढे आलाय."

"दिसला," मास्तर म्हणाले.

गाडी नीट आत गेली आणि थांबली. मास्तर किल्लीकडे हात नेत होते.

"राहू दे चालू. दोन मिनिटं."

मास्तरांनी हात मागे घेतला. नंबरवाल्यांनी वाकून उजव्या पायातला बूट काढला, मग मोजाही. अनवाणी पाऊल त्यांनी त्या ठिगळावर ठेवलं. खळगा लहान होता. त्यांची बोटं बाहेर राहिली.