गंज नव्हे, धुरी

केसरचं पत्र अंबाजींना आठवलं ते संपादकांचा फोन चालू असतानाच. उत्तर न दिलेलं ते पत्र गेल्या भाद्रपदापासून शब्दकोशाच्या पुठ्ठ्याआड पडून होतं.

“काका, तुमचा तो गंजाचा लेख पुन्हा छापतोय,” साप्ताहिकाचे संपादक गणराज सांगत होते. “पावसाळा तोंडावर आलाय, मलेरिया सुरू होईल. गेल्या वर्षी त्यावर काय फोन आले होते! आमच्या शेजारच्या मेडिकलवाल्यानं तर कात्रण काउंटरवर चिकटवलंय. गंजावर उतारा म्हणून व्हिटॅमिन सीच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या विकतो!”

“कात्रण? कोणता भाग?”

“ते हो, ‘मलेरियात शरीराला आतून गंज चढतो’. झकास वाक्य आहे. बदल काही करायचाय? उद्यापर्यंत सांगा.”

अंबाजींनी “बघतो” म्हणून फोन ठेवला. थळच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून जन्म गेलेला माणूस. पुस्तकं देताघेताना लागेल तेवढंच बोलण्याची सवय. निवृत्तीनंतर ते विज्ञानावर छोटे लेख लिहू लागले, आणि प्रत्येक लेख छापून आला की, यात चूक तर राहिली नाही ना, या धास्तीनं आठवडाभर साप्ताहिक उघडत नसत.

त्या लेखात त्यांनी आधी ‘ऑक्सिडीकरणजन्य ताण’ असं लिहिलं होतं. मग वाटलं, हा शब्द पाहून वाचक पान उलटेल. मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत शिरतो, तिथलं द्रव्य खातो, आणि त्यातून जी तिखट रसायनं सुटतात ती पेशीला पोखरतात. हे थोडक्यात कसं सांगायचं? समोर खिडकीचे गज होते, खाऱ्या वाऱ्यानं पोपडे धरलेले. त्यांनी लिहिलं, गंज. पुढे असंही लिहिलं की शरीर स्वतःही जंतूवर याच रसायनांचा मारा करतं, आणि मलेरियाची काही औषधंही असाच गंज चढवून काम करतात.

त्यांनी शब्दकोश काढला, पुठ्ठ्यामागून पत्र घेतलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

‘माझे मालक धर्मा मुरुडला बोटीवर खलाशी आहेत. त्यांना मलेरिया झाला आहे. सरकारी दवाखान्यातून तापाच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्या. ताप उतरला. आता चौदा दिवसांच्या वेगळ्या गोळ्या दिल्या आहेत. त्या त्यांना सोसत नाहीत, मळमळतं. औषधानेही गंज चढतो असे तुम्ही लिहिले आहे. आमच्याकडे बोटीला गंज दिसला की लगेच खरवडतात, ठेवत नाहीत. मग या गोळ्या बंद करून गंजावरच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या देऊ का? फोन मालक बोटीवर नेतात म्हणून पत्र लिहिते. उत्तर द्यावे. केसर.’

उत्तर त्यांनी लिहायला घेतलं होतं. ‘आपला प्रश्न गुंतागुंतीचा आहे’ अशी सुरुवात केली. मग कोणत्या प्रयोगात प्राण्यांना व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा फायदा दिसला, कुठे उलटं दिसलं, काही औषधांचा जोर त्यानं कमी होण्याची शंका कशी आहे, असं लिहिता लिहिता चार पानं झाली. ‘आहे’ खोडून ‘असावे’ केलं. ‘असावे’ खोडून ‘असू शकते’. आपण डॉक्टर नाही, आपलं ऐकून कुणाच्या जिवाचं बरंवाईट झालं तर? तेवढ्यात चौदा दिवस उलटून गेले. आता काय उपयोग, म्हणून ती पानंही पत्रासोबत पुठ्ठ्याआड गेली.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी कोकिळाबाईंनी ओसरीवर धुरी केली. फुटक्या घमेल्यात नारळाची सोडणं पेटवली, वर कडुनिंबाचा ओला पाला टाकला. धूर थेट अंबाजींच्या खुर्चीकडे आला.

“अगं, विझव ते! डोळे चुरचुरतात.”

“चुरचुरू द्या. डासांनाबी तेच वाटतंय,” कोकिळाबाई म्हणाल्या. “आता पानी ओतलं तर धूर जाईल नि डास र्‍हातील. मग र्‍हावा चावून घेत. आन त्या कागदात काय एवढं तोंड खुपसलंय? कुनाचं पत्र?”

त्यांनी सांगितलं. केसरचा प्रश्न, चार पानं, सगळं. कोकिळाबाईंनी ती पानं मागून घेतली, दिव्याखाली धरली, आणि शेवटपर्यंत वाचली.

“अवो, यात गोळी द्यायची का न्हाय द्यायची, ते कुठं हाय?”

“तिसऱ्या पानावर. खाली.”

“तिथं ‘असू शकते’ हाय. ती बाय नवऱ्याला ‘असू शकते’ पाजनार व्हय?”

अंबाजी ओशाळून हसले. “पण आता नऊ महिने झाले, कोकिळा. गोळ्यांचे दिवस कधीच गेले.”

“मलेरिया परत येतो म्हनून तुम्हीच मला सांगता ना? माझ्या भावाला दोनदा आला, तवा काय म्हनाला होतात?”

अंबाजींना आपलेच शब्द आठवले. ते म्हणाले होते, हा जंतू यकृतात झोपून राहतो, कधी कधी कित्येक महिने. त्याला तिथंच मारायला चौदा दिवसांच्या गोळ्या असतात. ताप गेला म्हणून त्या सोडल्या, तर तो कधीही उठतो. म्हणजे धर्मानं गोळ्या अर्ध्यावर सोडल्या असतील तर तो आजही त्याच्या पोटात झोपलेला असेल. आता पावसाळ्यासाठी बोटी किनाऱ्याला लागल्यात. धर्मा घरीच असणार.

ते घमेल्याकडे बघत राहिले. धुराने त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, आणि तुळईखालचे डास खरंच पांगले होते. गंज हा शब्दच चुकला होता. गंज दिसला की या किनाऱ्यावरचा माणूस हातात खरवडणी घेतो. त्याला थांब म्हणून कोण सांगणार?

त्यांनी कोरा कागद घेतला. या वेळी एकाच पानात भागलं.

‘सौ. केसरताई, उत्तराला फार उशीर झाला, क्षमा करावी. माझा शब्द चुकला. मी गंज म्हणालो, धुरी म्हणायला हवं होतं. डास घालवायला आपण धुरी करतो तेव्हा आपलेही डोळे झोंबतात, पण डास जायच्या आत कुणी तिच्यावर पाणी ओतत नाही. मलेरियात शरीराचं आणि काही औषधांचं तसंच आहे. म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत आणि त्यांच्या जागी व्हिटॅमिनच्या गोळ्या देऊ नयेत. त्यांनी मलेरिया बरा होत नाही. लिंबू, आवळा जेवणात खावा, बिघडत नाही. मळमळ होत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी. लघवी काळपट झाली किंवा डोळे पिवळे झाले तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मागच्या गोळ्या अर्ध्या राहिल्या असतील तर तसं दवाखान्यात सांगावं, रागावले तरी सांगावं. पुन्हा ताप आला तर रक्त तपासावं. मी डॉक्टर नाही, पण एवढं मला नक्की ठाऊक आहे.’

शेवटच्या वाक्यातल्या ‘नक्की’वर पेन दोनदा थांबलं. कोकिळाबाई पाठीशी उभ्याच होत्या.

“खोडलंत तर बघा!”

सकाळी त्यांनी गणराजना फोन केला. लेख तसाच छापू नका, मी नवा लिहून देतो, आणि त्या मेडिकलवाल्याला तेवढं कात्रण काढायला सांगा.

“काका, लोकांना गंज आवडला होता हो!”

“म्हणूनच,” अंबाजी म्हणाले. एवढं ठाम आपण कुणाशी बोललो, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मग ते पोस्टात गेले. खिडकीतल्या तेजस्वीनं पाकीट वजनाला ठेवलं. “मुरुड? साधं की स्पीड पोस्ट, काका?”

“स्पीड पोस्ट.”

पैसे दिले, पावती घेतली, तरी ते खिडकीशीच उभे. ‘जेवणानंतर’ लिहिलं ना आपण? की ‘जेवणाआधी’ पडलं?

“काय झालं? परत हवंय का? अजून शिक्का मारला नाही.”

अंबाजींनी क्षणभर डोळे मिटले. जेवणानंतर. तसंच लिहिलं होतं; कोकिळानं मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं.

“नको. मार शिक्का,” ते म्हणाले.

तेजस्वीनं शिक्का मारला आणि पाकीट मुरुडच्या थैलीत टाकलं.